पॅक, सोरट आणि खिशातलं मैदान

इगतपुरी सोडून पंचवटी एक्सप्रेस घाट उतरायला लागते, पहिल्या बोगद्यात शिरते, आणि आमच्या डब्यातले फुटबॉलचे दोन-तीन सामने एकदम थांबतात. पासवाले तरुण मोबाइल खिडकीकडे धरतात, चुकचुकतात, पडद्यावरचं चक्र फिरत राहतं. बोगदा संपून रेंज येईपर्यंत समोरच्याला विजयी ठरवून सर्व्हर मोकळा झालेला असतो.

त्याच डब्यात खिडकीशी माझा पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात मावणारं जुनं खेळाचं यंत्र, चालू असतो. बोगदा आला काय, गेला काय, त्याला पत्ता नसतो. त्यात ‘फिफा १४’ आहे, ईए कंपनीच्या फुटबॉल मालिकेतला खेळ. तिथे मेसी अजून बार्सिलोनात आणि रोनाल्डो रेआल माद्रिदमध्ये आहे, आणि दोघंही म्हातारे व्हायचं नाव घेत नाहीत. नाशिकरोडला बसल्या बसल्या सुरू केलेला सामना देवळाली मागे पडेपर्यंत हाफटाइमला येतो. शेजारचे हसतात. “काका, ते म्युझियमला देऊन टाका आता,” असं एकाने सांगूनही झालंय.

हातात मावणारा फुटबॉलचा खेळ चांगला की वाईट, हा वाद आपल्याकडे निघाला की तो तीन वाक्यांत अडकतो: डोळे खराब होतात, वेळ जातो, आणि “त्यापेक्षा मैदानावर जा की जरा”. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. हा खेळ मुळात फार चांगला आहे. तो नासवला दोन गोष्टींनी. छोटं यंत्र घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शिळं वाढायची कंपन्यांना लागलेली सवय ही एक, आणि खेळाच्या आतच थाटलेलं सोरट ही दुसरी. डोळ्यांची काळजी करता करता या दोन्हींकडे पालकांचं लक्ष जात नाही आणि सरकारचं तर त्याहून नाही.

आधी चांगलं काय ते सांगतो, कारण ते सांगणारं फारसं कोणी भेटत नाही. मोठ्या सामन्यांचं फुटबॉल मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. पीएसपीचा पडदा ४.३ इंचांचा. बावीस माणसं आणि एक चेंडू एवढ्याशा काचेत बसवायचा, आणि तरी डाव्या कडेने पळत सुटलेला विंगर कुठे पोचला ते खेळणाऱ्याला कळलं पाहिजे. म्हणून कॅमेरा उंच न्यावा लागतो, खेळाडू तांदळाच्या दाण्याएवढे होतात, आणि खाली ठिपक्यांचा एक नकाशा द्यावा लागतो. मोठ्या टीव्हीवर खेळणारे त्या नकाशाकडे फारसं बघत नाहीत. छोट्या पडद्यावर मुरलेला माणूस अर्धा वेळ तिथेच बघत असतो. जे दिसत नाही ते डोक्यात धरून खेळायचं, असं काहीसं होतं, आणि मला तेच आवडतं. मॅटेलने १९७७ मध्ये अमेरिकेत हातातलं एक फुटबॉलचं खेळणं काढलं होतं. त्यात खेळाडू म्हणजे नुसते लाल दिव्याचे ठिपके. तो फुटबॉल त्यांचा, चेंडू काखेत मारून धावायचा. पण ठिपक्याला खेळाडू मानायची माणसाची तयारी असते, एवढं तेव्हाच दिसलं होतं.

बटणांचंही तसंच. टीव्हीला जोडायच्या मोठ्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला दोन स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या दांड्या) आणि वर चार बटणं. पीएसपीला एकच चपटी स्टिक आणि वर दोनच बटणं. बनवणाऱ्यांना चाळणी लावावीच लागली. दोन स्टिकच्या कसरती एक तर गेल्या, नाहीतर आडवळणाच्या झाल्या. उरलं ते पास, थ्रू बॉल (बचावाच्या फटीतून पुढे ढकललेला चेंडू), उंच चेंडू, शॉट आणि पळणं. आमच्या शाळेच्या मैदानावर आम्हाला तरी याहून जास्त कुठे येत होतं?

मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचं स्विच नावाचं हातातलं यंत्र आलं आणि त्याने एक गोष्ट अशी केली की त्या यंत्राचे बाकीचे दोष मी पोटात घालायला तयार आहे. पडद्याच्या दोन्ही कडांचे जॉयकॉन, म्हणजे बटणांचे तुकडे, सुटे निघतात. एक तू घे, एक मी घेतो, पडदा मधे उभा करू. प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी बटणं आणि एकच स्टिक येते, खेळ थोडा लंगडतो, पण समोरासमोर होतो. एका पावसाळ्यात गोदावरीला पूर होता, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात असल्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरत होते, आणि इंदिरानगरात ताईच्या घरी दुपारीच लाइट गेली. भाचा, त्याचे सोसायटीतले दोन मित्र आणि मी अशी चौघांची टुर्नामेंट झाली. हरेल त्याने जॉयकॉन खाली ठेवायचा. टीव्ही बंद, वायफाय बंद, आणि घरात एवढा आरडाओरडा की खालच्या आजी काय झालं बघायला वर आल्या. हातातल्या खेळाने माणूस एकटा पडतो म्हणणाऱ्यांनी ती दुपार बघायला हवी होती.

शिकवतो तरी काय हा खेळ? ऑफसाइड मला शाळेत पाच वर्षं कळला नव्हता. खरं सांगायचं तर आमच्या पीटीच्या सरांनाही तो दर सामन्यात वेगळा कळायचा. भाच्याला आठवड्यात कळला, कारण यंत्र दर वेळी शिट्टी मारतं, सामना थांबवतं आणि काही वेळा रेघ ओढूनही दाखवतं. तेरा वर्षांचं पोर आता टर्फवर उभं राहून मला ओरडतं, “मामा, लाइन वर ठेवलीय तर पळा ना मागे! नाहीतर खालीच थांबा!” ४-३-३ च्या रचनेत मधल्या तिघांनी काय करायचं, थ्रू बॉल देताना माणसाकडे न बघता मोकळ्या जागेकडे का बघायचं, हे त्याने कोणा कोचकडून ऐकलेलं नाही. चिखलात चेंडू किती जड होतो, नडगीवर लाथ बसली की कसं लागतं, हे मात्र त्याला टर्फवरही कळत नाही. त्याला मैदान लागतं.

आता त्या मैदानाचं बघू. आमच्या शहरात मैदान म्हटलं की सगळे गोल्फ क्लबचं नाव घेतात. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं खरं नाव, रणजीचे सामने झालेलं, म्हणजे क्रिकेटचं. गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाचं मैदान आहे, तिथे प्रदर्शनं भरतात. बाकी जाळ्या लावलेली टर्फ झाली आहेत, तिथे तासाचं भाडं द्यावं लागतं आणि दहा पोरांनी वर्गणी काढली तर जमतं. संध्याकाळी चारला चेंडू घेऊन निघालं आणि पैसे न देता, कोणाची परवानगी न काढता खेळता आलं, असं पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हे “मैदानावर जा” म्हणणाऱ्याने एकदा मोजून बघावं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्यभरच्या शाळांतून मुलांना फुटबॉल खेळायला उतरवलं, शाळांना चेंडू वाटले. चेंडू मिळाले. मैदानं होती तेवढीच राहिली. पोरं यंत्राकडे वळली म्हणून मैदानं ओस पडली, हा हिशेब मला उलटा वाटतो.

एक तक्रार मात्र माझी खासगी आहे. मी शाळेत गोलकीपर होतो. या सगळ्या खेळांत, नेहमीच्या सामन्यात, गोलकीपर बहुतेक वेळ यंत्रच चालवतं. मी दहा जणांना पळवतो, आणि ज्या एका माणसाचं काम मला खरं कळतं तो स्वतःच्या मर्जीने उडी मारतो. कॉर्नरला बाहेर यायचं की रेषेवर थांबायचं, हा जो जीव घेणारा अर्धा सेकंद असतो तो माझ्या हातात पुरता कधी येतच नाही. पण ही गोलकीपरांची सनातन तक्रार आहे. खऱ्या संघातही आम्हाला शेवटी निवडतात.

खरा दोष पुढे आहे, आणि तो समजायला थोडा इतिहास लागतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये पीएसपीचा पुढचा अवतार असलेल्या प्लेस्टेशन व्हिटाबरोबर ‘फिफा फुटबॉल’ नावाचा खेळ आला. व्हिटाच्या पाठीवर स्पर्श ओळखणारी पट्टी होती. खेळ बनवणाऱ्यांनी त्या पट्टीला गोलपोस्ट ठरवलं. पाठीमागे उजव्या वरच्या कोपऱ्यात बोट टेकवा, चेंडू त्या कोपऱ्यात जाईल. कल्पना सुंदर, अडचण एवढीच की यंत्र धरायचं म्हटलं की बोटं पाठीमागेच असतात. मधल्या रेषेवरून नको असताना शॉट जायचे, आणि पुष्कळ जणांनी सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद करून टाकली. तरी मी याला दोष म्हणणार नाही. छोट्या यंत्रासाठी कोणीतरी वेगळा विचार केला होता, तो फसला. फसू दे.

राग येतो तो त्यानंतरचा. त्याच वर्षी व्हिटावर ‘फिफा १३’ आला तो बराचसा तोच खेळ होता, संघ तेवढे नवे. मग १४, मग १५, तीच गोष्ट. पंधरावर व्हिटाची मालिका संपली, पीएसपीची त्याआधी चौदावरच. योगायोग बघा: मोठ्या यंत्रांवरच्या फिफामध्ये महिलांचे राष्ट्रीय संघ आले ते २०१५ मध्ये, ‘फिफा १६’पासून. म्हणजे खिशातलं यंत्र घेऊन बसलेल्या मुलीला व्हिटावर किंवा पीएसपीवर आपल्यासारखी एक खेळाडू निवडता आली असती, त्याच्या आदल्या वर्षीच दुकान बंद झालं होतं.

स्विचवर पुन्हा पहिला अंक. सप्टेंबर २०१७ चा ‘फिफा १८’ मोठ्या यंत्रांवरच्या फ्रॉस्टबाइट इंजिनावर (खेळ आतून चालवणाऱ्या प्रणालीवर) नव्हता, त्यात ‘द जर्नी’ ही कथा नव्हती, आणि ऑनलाइन जाऊन आपल्याच मित्राला गाठून त्याच्याशी खेळायची साधी सोयही नव्हती. पण सेकंदाला ६० चौकटी, झकास गुळगुळीत. पुढच्या वर्षी मित्रांशी खेळता यायला लागलं, चॅम्पियन्स लीग आली. वाटलं, चला, लागलं गाडं मार्गी. आणि मग ‘फिफा २०’ पासून ‘फिफा २३’ पर्यंत सलग चार वर्षं ‘लेगसी एडिशन’. लेगसी म्हणजे वारसा. आपल्याकडे वारसा म्हणजे आजोबांचं तांब्याचं घंगाळ. इथे वारसा म्हणजे गेल्या वर्षीचाच खेळ, नवे टी-शर्ट आणि नव्या याद्या घालून. शिळ्या कढीला ऊत आणायचा, आणि तोही वर्षातून एकदा, नव्या किमतीला.

कंपनीची बाजू मांडायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. ‘लेगसी’ हे त्यांनी वेष्टनावरच छापलं होतं, नवं काही नाही हेही आधी सांगितलं होतं. फसवणूक म्हणता येणार नाही. स्विचच्या आतलं यंत्र प्लेस्टेशन ४ हून बरंच अशक्त, त्यावर मोठं इंजिन चढवणं सोपं नाही. हे सगळं मान्य. पण मग यादी तेवढी विका ना! संघांची नवी यादी आणि नवे गणवेश म्हणून चार पैसे घ्या, मी आनंदाने देईन. पूर्ण खेळ म्हणून दर वर्षी तो पुन्हा विकायचा, आणि जे यंत्र आपल्याकडे बहुतेक करून बाहेरून कोणीतरी आणून दिलेलं असतं, त्याचा खेळ इथल्या पोराने पुन्हा विकत घ्यायचा, यात मला गिऱ्हाइकाची किंमत करण्याची पद्धत दिसते. आणि जमत नव्हतं म्हणावं, तर सप्टेंबर २०२३ मध्ये फिफाचं नाव सुटल्यावर आलेल्या ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ ला तेच फ्रॉस्टबाइट इंजिन त्याच स्विचवर चढलं. किंमत मोजावी लागली ती अशी की सेकंदाला ६० च्या जागी ३० चौकटी झाल्या. फुटबॉलमध्ये हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही. साठ असतील तर दर १७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, तीस असतील तर ३३. बचावपटूचा पाय येतोय हे अंगठ्याला उशिरा कळतं. म्हणजे गिऱ्हाइकापुढे निवड कसली, तर जुना पण चपळ, किंवा नवा पण सुस्त. जून २०२५ मध्ये स्विच २ आला, त्यावर ‘एफसी २६’ आला, आता नवं यंत्र घ्या म्हणजे झालं.

मोबाइलवाले म्हणतील, आम्हाला याच्याशी काय करायचंय, आमचा खेळ फुकट आहे. खरंय. नाशिकमध्ये आज हातातला फुटबॉल म्हणजे दहांत नऊ वेळा मोबाइलच, ‘ईफुटबॉल’ किंवा ‘एफसी मोबाइल’. दिसायला देखणे, अॅनिमेशन उत्तम, आणि स्वस्तातल्या अँड्रॉइडवरही बरे चालतात. ‘फिफा २२’ पासून मोठ्या यंत्रांवर इंडियन सुपर लीगचे संघही आले, सुनील छेत्रीला पडद्यावर पळवता आलं, याचा आनंद मला झाला. मानांकनांत ते युरोपच्या संघांपुढे फिके का असेनात. तरी मोबाइलचे दोन दोष हाताला लगेच लागतात. काचेवरच्या बटणांना उठाव नसतो, त्यामुळे अंगठा सरकतो, आणि अंगठा जिथे असतो नेमका तिथेच, त्याच्या खाली, एक बचावपटू लपलेला असतो. आणि दुसरा म्हणजे घाटातला. यंत्राविरुद्ध एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेट लागतं. प्रवासात खेळायचा खेळ, आणि प्रवासात बंद! परतीला कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, घाट चढायचा तर जोर लागतोच. पण माझ्या खिशातल्या खेळाला घाट चढायला सर्व्हरचा बँकर कशाला हवा?

हे दोष सोसता येतात. पॅकचं तसं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ताईचा फोन आला. तिच्या खात्यातून दहा दिवसांत आठ वेळा मिळून २,७०० रुपये गेले होते. पिन पोराला माहीत होता, कारण दूध आणि भाजीचे पैसे तोच देतो. मी गेलो तेव्हा घरात कोर्टाचं वातावरण होतं. भाच्याने एका मोबाइल फुटबॉलमध्ये खेळाडूंचे पॅक घेतले होते. (खेळाचं नाव घेत नाही, हा प्रकार एकट्या त्याचा नाही.) पॅक म्हणजे बंद पाकीट. पैसे देऊन नाणी घ्यायची, नाण्यांनी पाकीट फोडायचं, आत कोण निघेल ते नशीब. फटाके उडतात, बोगद्यातून खेळाडू चालत येतो, चेहरा अंधारात असतो, आणि शेवटच्या क्षणी कळतं की हा तो नव्हेच. ताई म्हणाली, “जुगार खेळलास तू.” भाचा खराखुरा दुखावला. “आई, पैसे नाही लावले. पॅक घेतले.”

त्याचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आपला कायदाही साधारण हेच बोलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली, कल्पनेतले संघ लावणाऱ्या बड्या अॅप्सनी पैशांच्या स्पर्धा रातोरात थांबवल्या, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता मिळाली. चांगलं झालं, माझं त्याला समर्थनच आहे. पण त्या कायद्याचा सगळा रोख जिंकलेले पैसे बाहेर निघतात का याच्यावर आहे. पॅकमधून काही बाहेर निघत नाही. पैसे आत जातात, हातात येतं ते एक चित्र, आणि पुढच्या हंगामात त्या चित्राची किंमत शून्य होते. जिंकायची शक्यताच काढून टाकली की जुगार जुगार राहत नाही, हा तर्क वकिलाला पटेल. माझ्या आजीला पटला नसता. तिने मला कालिकेच्या यात्रेत सोरटासमोरून कानाला धरून ओढत नेलं होतं.

सोरट आठवतंय? पुठ्ठ्याचा फळा, त्यावर ओळीने चिकटवलेल्या चिठ्ठ्या, वर टांगलेली एक बॅट, एक घड्याळ, एक चकाकणारी गाडी. चार आणे दे, चिठ्ठी फाड. आतल्या नंबरला बहुतेक वेळा गोळी नाहीतर फुगा. बॅट कोणाला लागल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. पण सोरटवाल्याकडे एक प्रामाणिकपणा होता: चिठ्ठ्या मोजता यायच्या. शंभर चिठ्ठ्या, एक बॅट. सगळ्या विकत घेतल्या तर बॅट नक्की आपली. पॅकमध्ये फाडलेली चिठ्ठी पुन्हा फळ्यावर जाऊन बसते. हव्या त्या खेळाडूची शक्यता शंभरात एक असेल आणि तुम्ही शंभर पाकिटं फोडली, तर तो मिळण्याची शक्यता शंभर टक्के होत नाही. गणित करून बघा, साधारण ६३ टक्के येते. शंभर पाकिटं फोडणाऱ्या दर तिघांतला एक, किंबहुना थोडे जास्तच, हात हलवत परत येतात. भाच्याला हे कागदावर करून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मग हे असं लिहीत का नाहीत?”

लिहितात, पण कसं ते बघा. चीनने २०१७ मध्ये अशा शक्यता जाहीर करायला लावल्या, त्याच वर्षाच्या शेवटी अॅपलने आपल्या दुकानातल्या अॅप्सना तो नियम केला. त्यामुळे कुठेतरी तीन पडदे आत, इंग्रजीत, एक टक्क्याहून कमी अशी टीप असते. बेल्जियमने २०१८ मध्ये हा प्रकार सरळ जुगारात धरला, आणि २०१९ च्या जानेवारीअखेर ईएने तिथे पॅकसाठी लागणारे फिफाचे पॉइंट्स पैशांनी विकणं बंद केलं. नेदरलँड्समध्ये एक कोटी युरोचा दंड झाला, २०२० मध्ये तो न्यायालयात टिकला आणि २०२२ मध्ये वरच्या न्यायालयात उडाला. म्हणजे युरोपातही यावर एकमत नाही, हे मी लपवत नाही. पण तिथे निदान भांडण झालं. आपल्याकडे ते सुरूही झालेलं नाही, कारण आपण अजून डोळ्यांबद्दल बोलतोय.

“फुकट खेळ द्यायचा तर पैसा येणार कुठून?” असं आमच्या डब्यातला एक आयटीवाला विचारतो. सर्व्हर, क्लबांचे परवाने, शेकडो माणसांचे पगार, त्याचं बरोबर आहे. मी त्याला एवढंच म्हणतो की मग फुकट देऊ नका. पाचशे रुपये घ्या, एकदाच. खेळ पूर्ण द्या, घाटात चालेल असा द्या. तो म्हणतो, पाचशे देऊन कोणी घेणार नाही. असेलही. पण २,७०० देऊन घेणारा आमच्याच घरात निघाला, आणि त्याच्या हाती खेळही पूर्ण आला नाही.

बंदीची मागणी मी करत नाही. बंदी घातली की काय होतं ते २०२० मध्ये पबजीच्या वेळी पाहिलं आहे. पोरं आठवड्यात दुसरं काहीतरी शोधतात. मला हवं आहे ते फार छोटं आहे. पाकीट फोडण्याच्या बटणावरच, मराठीत, रुपयांत लिहा की हा खेळाडू मिळवायला सरासरी किती खर्च येतो. त्या आकड्याला नुसता टक्का लिहिण्याची पळवाट नको. (मराठीतच का, असं विचारणाऱ्यांसाठी: मी ज्यांची नावं घेतली त्यातल्या एकाही खेळाच्या मेनूत मराठीचा एक शब्द नाही, पण पैसे मराठी घरांतून बिनबोभाट जातात.) अठराच्या आतल्या मुलाच्या खात्याला पॅकची खरेदी मुळातच बंद ठेवा, उघडायची तर आईबापांनी उघडावी. आणि जुनाच खेळ नव्या वर्षाच्या आकड्याने विकायचा असेल तर गेल्या वर्षीपेक्षा यात काय नवं आहे ते तीन ओळींत पाठीमागे छापा. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती ते छापतातच की.

पालकांनाही एक सांगणं आहे, आणि त्यात मीही आलो, कारण भाच्याला पहिला स्विच हातात धरायला मीच शिकवलं. “किती वेळ खेळलास?” हा प्रश्न आपण रोज विचारतो. “काय विकत घेतलंस?” हा विचारत नाही. बोगद्यात बंद पडणारा खेळ मुलाच्या हातात दिसला तर समजा की तो खेळ सतत कोणाशी तरी बोलतोय, आणि त्या बोलण्यात एक दुकान आहे.

२,७०० रुपयांचं प्रकरण असं मिटलं की मोबाइलवरचा तो खेळ गेला आणि स्विच राहिला. स्विचमध्ये ‘फिफा १९’ आहे. भाच्याने नव्या आवृत्तीसाठी दोन दिवस तोंड फुगवलं. मग तिसऱ्या दिवशी दुपारी वही घेऊन बसला. खेळात संघ बदलायची सोय असते. त्याने एकेक खेळाडू उचलून आजच्या क्लबात नेऊन ठेवायला सुरुवात केली. रोनाल्डो सौदीत, एम्बापे माद्रिदला. वहीत बरोबरच्या खुणा. जे चार वर्षं पुन्हा पुन्हा विकलं गेलं ते तेरा वर्षांच्या पोराने एका दुपारी आणि अर्ध्या संध्याकाळी, पोहे खात खात, जवळजवळ संपवलं. एकाच ठिकाणी अडला. बार्सिलोनाचा आजचा तरुण तारा लामिन यमाल ‘फिफा १९’ मध्ये नाही. तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता, याच्याहूनही लहान. खूप शोधून शेवटी त्याने बार्सिलोनाच्या उजव्या कडेला कुठला तरी अनोळखी पोरगा आणून उभा केला आणि वहीत त्याच्यापुढे लिहिलं, ‘हा यमाल समजायचा.’

रविवारी त्या समजायच्या यमालने माझ्यावर दोन गोल केले. दोन्ही वेळा माझा गोलकीपर चुकीच्या बाजूला उडाला.